एक तीळ, दोघांत

एकच तिकीट परवडायचं, म्हणून दोघांपैकी एकानं आत जायचं, दुसऱ्यानं बाहेर थांबायचं. आत गेलेल्यानं प्रदर्शन डोळे भरून पाहायचं आणि बाहेर येऊन सगळं सांगायचं. साठचं दशक सरत आलेलं न्यूयॉर्क, विशीतली पॅटी स्मिथ आणि तिच्याच वयाचा रॉबर्ट मेपलथॉर्प. पुढे ती गायिका म्हणून गाजली, तो छायाचित्रकार म्हणून. पण पॅटीनं लिहिलेल्या ‘जस्ट किड्स’च्या या पानांवर दोघांचे खिसे रिकामे आहेत. पुस्तकात बाकी पुष्कळ आहे. चेल्सी हॉटेलातली आठवड्याला ५५ डॉलर भाड्याची सगळ्यात लहान खोली आहे. सँडविचला दहा सेंट कमी पडले तेव्हा ते भरणारा, आणि तिला मुलगा समजलेला कवी ॲलन गिन्सबर्ग आहे. १९७५ साली आलेल्या तिच्या ‘हॉर्सेस’ या अल्बमच्या मुखपृष्ठासाठी रॉबर्टनं टिपलेली, पांढऱ्या शर्टातली ती आहे. मी मात्र त्या तिकिटापाशीच अडकले आहे.

एक तीळ सात जणांनी वाटून खाल्ला, असं आपल्याकडे म्हणतात. आजवर हे इतक्यांदा ऐकलंय, पण तो तीळ कापला कुणी, हे कुणी सांगितलं नाही. नखानं? विळीवर? सातवा भाग कुणाच्या दाताला तरी लागला असेल का? एकाचंही पोट भरलं नसणार, म्हणजे गोष्ट तिळाची नाहीच, सात जणांची आहे, हे कळतं. पण मग ती सांगतं कोण? उपाशी माणूस काही वाटून खाल्लेल्या तिळाचं कौतुक करत बसत नाही. त्याला आपल्या वाट्याला कमी आलं एवढंच आठवतं. पुढे कधीतरी घरात लाडवांचा डबा आला, तो भरलेला राहू लागला, की मग त्या तिळाची चव जिभेवर येते. पॅटीचं पुस्तक आलं २०१० साली, आणि त्याच वर्षी त्याला अमेरिकेतला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. दोघंही अनामिकच राहिले असते, तर संग्रहालयाबाहेर थांबणं म्हणजे नुसतं थंडीत ताटकळणं ठरलं असतं का? आणि ते कुणी वाचलं असतं? मी तरी वाचलं असतं का?

असं म्हटलं की लगेच वाटतं, हा तिच्यावर अन्याय झाला. ती लाडवांच्या डब्यापाशी बसून आठवणी काढत नव्हती. मार्च १९८९ मध्ये रॉबर्ट एड्सनं गेला, बेचाळिसाव्या वर्षी. आपली गोष्ट लिहीन असा शब्द तिनं त्याला दिला होता, आणि तो पाळायला तिला वीसेक वर्षं लागली. रॉबर्ट जाण्याच्या कितीतरी आधी ते प्रियकर-प्रेयसी उरले नव्हते. त्याला पुरुषांची ओढ होती, ती पुढे दुसऱ्याशी लग्न करून डेट्रॉइटकडे गेली. तरी जे उरलं त्याला मैत्री म्हणावं, तर ते प्रेमाहून कमी वाटत नाही. एकदा ती व्हिटनी संग्रहालयातून बाहेर आली, तेव्हा बाहेर थांबलेला तो तिला म्हणाला होता, की एक दिवस आपण दोघं मिळून आत जाऊ आणि भिंतींवर काम आपलं असेल. १९८८ मध्ये व्हिटनीत त्याचं मोठं प्रदर्शन खरंच भरलं. तेव्हा तो फार आजारी होता.

तीळ निदान म्हणीत तरी कापता येतो. तिकीट नाही कापता येत. आत गेलेल्याला चित्र मिळतं. बाहेरच्याला चित्र मिळत नाही, पण ते सांगणारा माणूस मिळतो.

आमच्या हॉस्टेलवर एक मुलगी होती. मॅटिनीला जाऊन यायची आणि रात्री गच्चीवर सगळा सिनेमा सांगायची. मारामारीचे आवाज, पार्श्वसंगीत, गाण्याचं एक-एक कडवं, सगळं तोंडानं. मध्यंतरही घ्यायची. एका सिनेमातला एक प्रसंग तिनं फार रंगवून सांगितला होता. नायिका सामान घेऊन गाडीत बसते, गाडी सुटते, आणि पुढच्याच स्टेशनावर ती उतरून परत येते. बऱ्याच वर्षांनी तो सिनेमा टीव्हीवर लागला. मी जागची हलले नाही. गाडी सुटली, नायिका गेली, सिनेमा संपला. कुणी उतरलं नाही. त्या दिवसांत मी शिक्षण सोडून गावी परतायच्या विचारात होते, आणि हे तिला ठाऊक होतं. तिनं तो प्रसंग माझ्यासाठी रचला असेल, की अंधारात डुलकी लागून तिला तसाच दिसला असेल? तिनं सांगितलेला सिनेमा मला आजही खरा वाटतो, टीव्हीवरचा कुणीतरी कापलेला.

मग ‘जस्ट किड्स’मध्ये तरी काय वेगळं आहे? दोघांच्या तारुण्यातून बाहेर येऊन सांगणारी ती एकटीच. सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये आलं तेव्हा त्यांचे पती पु. ल. हयात होते; ज्याच्याविषयी लिहिलं तो माणूस घरातच होता, वाचू शकत होता. वाचणारा समोर असला की लिहिणाऱ्याला धाक राहतो, की तोच त्याला अधिक मोकळं करतो? रॉबर्टनं तर गोष्ट मागूनच घेतली होती. मागितलेल्या गोष्टीत माणूस मागणाऱ्याला हवं ते थोडं जास्त घालतोच. पॅटीनं काय घातलं असेल? घातलं असलं, तर ते खोटं म्हणायचं की वाटा?

त्या मैत्रिणीचा नंबर माझ्याकडे आहे. विचारता येईल. तिला तो सिनेमाच आठवला नाही, तर तो प्रसंग एकट्या माझा ठरेल. आठवला, आणि ती म्हणाली की तुझा काय संबंध, परत यायचं तर माझ्याच मनात होतं, तर इतकी वर्षं मी दुसऱ्याच्याच वाट्याचं खात आले. पुस्तक हातात घेतलं तेव्हा तिला फोन करायचा हे पक्कं होतं. आता ते तेवढं पक्कं राहिलेलं नाही.