लाइनीच्या टोकाला

रब्बीची पाणीपाळी सुरू झाली की राजूरच्या शिवारात लाइटचाही एक हंगाम सुरू होतो. थ्री फेज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ती आली की विहिरीविहिरींवरच्या मोटारी एकदमच उठतात. ऑटो स्विच कुणासाठी थांबत नाही. डीपीजवळच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या, मळ्यातला बल्ब जरासा मंद होऊन सावरतो. लाइनीच्या टोकाच्या मळ्यात मात्र तो पिवळा, मग तांबूस पडतो, आणि मोटार नुसती घुमत राहते, पाणी उचलत नाही. अंगारकीला राजुरेश्वराच्या दर्शनाला माणसांचा पूर लोटतो, दुकानांवर माळा लागतात, तेव्हा गावातला लाइटही असाच दमतो. भोकरदन तालुक्यातल्या या गावात व्होल्टेज कधी एका जागी उभं राहिलेलं मला आठवत नाही.

त्याचं कारण सरळ आहे. तार लांब, तिला स्वतःचा रोध, आणि वाटेवरची प्रत्येक मोटार आपला करंट ओढणार. खांबागणिक थोडं व्होल्टेज तारेतच जिरतं. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो: व्होल्टेज 80 टक्क्यांवर आलं की जोर 64 टक्के, 70 वर आलं की निम्म्याहूनही कमी. भार तोच, जोर अपुरा. मग मोटार जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापतं आणि वार्निशचा करपट वास विहिरीच्या काठावर येतो. पहाटेकडे चित्र उलटतं. एकेक मोटार थांबते, तारेवरचा भार उतरतो, व्होल्टेज चढू लागतं. त्यात कुठे न्यूट्रल तुटला तर 230 व्होल्टच्या घरगुती लाइनीत 400 च्या आसपासही शिरू शकतं आणि टीव्ही, फ्रीज, बल्ब एका रात्रीत जातात.

मी स्टार्टरच्या पेटीत बसणारी कार्डं बनवतो. तिन्ही फेज आहेत का, व्होल्टेज पुरेसं आहे का, हे पाहून मोटार चालवायची की नाही ते कार्ड ठरवतं. मोबाइलवरून चालू-बंद करता येतं, त्यामुळे रात्री साप-विंचवातून बांधावर जाणं वाचतं. या कार्डाला लागतं ते किती? रिलेला 12 व्होल्ट, चिपला 5. पण हे मिळवायचं दोन फेजांमधून, आणि तिथे 140 पासून 480 पर्यंत काहीही येऊ शकतं. ज्या व्होल्टेजवर मोटार चालवणं धोक्याचं, नेमक्या त्याच व्होल्टेजवर कार्ड जागं राहिलं पाहिजे. तेच झोपलं तर मोटार थांबवायची कुणी?

जुन्या पद्धतीचा 7805 रेग्युलेटर जादाचं व्होल्टेज जाळून टाकतो. 24 आत आणि 5 बाहेर, करंट 1 अँपिअर, तर 5 वॉट कामाला लागतात आणि 19 वॉट हीटसिंकवर जातात. शेकडो व्होल्टच्या फरकापुढे ही रीत टिकत नाही. म्हणून आम्ही फ्लायबॅक वापरतो. त्यात एक मॉसफेट सेकंदाला 65 हजार वेळा उघडझाप करतो. तो चालू असताना ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमध्ये ऊर्जा साठते, बंद झाला की ती पलीकडे जाते. व्होल्टेज दुप्पट असेल तर तोच करंट निम्म्या वेळात चढतो. मळ्यात दारं धरणारा माणूस धार बारीक असली की सरीचं तोंड बराच वेळ उघडं ठेवतो आणि धार जोराची असली की लवकर मोडतो. वाफ्याला पाणी मात्र तेवढंच मिळतं. सर्किट तेच करतं. धारेशी भांडत नाही, वेळ बदलतं.

480 व्होल्ट एसीचं शिखर 680 व्होल्टच्या घरात जातं. म्हणून 400 व्होल्टचे दोन कॅपॅसिटर सिरीजमध्ये लावायचे आणि दोघांवर सारखा ताण यावा म्हणून प्रत्येकाला एकेक रेझिस्टर जोडायचा. नवं कार्ड पहिल्यांदा जिवंत करताना शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये असतो. स्विच दाबला की बल्ब लखकन उजळून विझतो: कॅपॅसिटर भरले, कुठे शॉर्ट नाही. मग आत येणारं व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या डिमरस्टॅटचा गोल दांडा हळूहळू फिरवायचा, खालून वर, वरून खाली. एका मीटरवर आकडे पळत असतात, दुसऱ्यावर 12.0 हलत नाही. हे पाहताना मला दर वेळी आनंद होतो.

तो 12 कशाच्या आधारानं ठरतो? टीएल 431 या तीन पायांच्या भागाच्या पोटात एक संदर्भ व्होल्टेज असतं. ते घडवण्याची युक्ती बॉब विडलर यांनी 1970 च्या सुमारास रेग्युलेटरच्या चिपमध्ये आणली. सिलिकॉन जंक्शनवरचं व्होल्टेज तापमान एक अंश वाढलं की सुमारे 2 मिलिव्होल्ट उतरतं. वेगवेगळ्या करंट-घनतेच्या दोन जंक्शनांमधला फरक मात्र उष्णतेबरोबर चढतो. चढणारं योग्य पटीत उतरणाऱ्यात मिळवलं की 1.25 च्या आसपास न ढळणारा आकडा उरतो. मे महिन्यात उन्हानं तापलेल्या पत्र्याच्या पेटीतही तो जवळपास तसाच राहतो. दोन अस्थिर गोष्टींची ही बेरीज मला फार सुंदर वाटते. स्थिर राहायला बाहेरचं जग आधी स्थिर व्हावं लागत नाही.

मोबाइलच्या चार्जरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: 100 ते 240 व्होल्ट. त्या ओळीत अनेक देशांची भिन्न व्होल्टेजं सामावली आहेत. आमच्या शिवारासाठी ती ओळ दोन्हीकडे आणखी ताणावी लागते. त्यासाठी जाड कोअर, जास्त व्होल्टेज सोसणारे भाग आणि थोडे जादा पैसे लागतात. डीपीजवळच्या गिऱ्हाइकाला यातलं काहीच लागत नाही, त्याचं साध्या कार्डावरही भागतं. हा सगळा खर्च शेवटच्या खांबापलीकडच्या माणसासाठी असतो. म्हणून कोरा कागद पुढे घेतला की मी 230 लिहीत नाही. आधी त्याच्या मळ्यातला सगळ्यात खालचा आकडा लिहितो आणि डिझाइन तिथून वर चढवत नेतो. जे त्याच्याकडे चालतं, ते सगळीकडे चालतं.