विकणे आहे: साडेतीन एकर जंगल

एप्रिलमधल्या एका शनिवारी मी जंगल बघायला गेले. ट्रेकला नाही, विकत घ्यायला.

लंडनहून दक्षिणेला ट्रेन, पुढे बस, मग अर्धा तास चालणं. ईस्ट ससेक्समधला हा भाग वील्ड म्हणून ओळखला जातो. एजंटने सांगितलं होतं, सोबत कुणी येणार नाही, माहितीपत्रक हातात ठेवा आणि दिवसाउजेडी बघून या. इकडे छोटी जंगलं अशीच दाखवतात. मी आपली फोनवर पीडीएफ उघडून, चिखलात बूट रुतवत, साडेतीन एकरांची मालकीण व्हायला निघाले होते.

हे खूळ फेब्रुवारीत सुरू झालं. दादाचा फोन आला. "अगं, जमिनीला गिऱ्हाईक आलंय."

खटाव तालुक्यात आमची दोन एकर दहा गुंठे जमीन आहे. ज्वारी, हरभरा, एक विहीर, बांधावर एक चिंच. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर तीन नावं लागली: आई, दादा आणि मी. जमीन वाट्याने दिलेली. दादाचं साताऱ्यात दुकान आहे आणि दुकानावर कर्ज आहे. गिऱ्हाईक पुण्याचं आणि त्याला अख्खी जमीन हवी आहे.

"तुला यायची गरज नाही," दादा म्हणाला. "कुलमुखत्यारपत्र पाठव, बाकी मी बघतो."

मी "बरं" म्हणाले. फोन ठेवला आणि का कोण जाणे, इंग्लंडमधल्या शेतजमिनींच्या जाहिराती बघायला लागले. लोक झोपताना रील्स बघतात, मी महिनाभर एकर बघत होते. एकराचे चाळीस गुंठे मनातल्या मनात करत होते. आपल्याकडे एकर आणला तो याच लोकांनी, त्यामुळे माप तरी ओळखीचं होतं.

पहिला धक्का बसला तो किमतीचा नाही, अटीचा. म्हणजे अट नसण्याचा. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. १९४८ च्या कूळकायद्यापासून हे चालत आलंय. इंग्लंडमध्ये कुणी विचारत नाही. तुम्ही कोण, कुठले, कधी नांगर धरलाय का, काही नाही. पैसे दाखवा, ओळखपत्र दाखवा, वकील नेमा. दीड लाख पौंडांपर्यंतच्या अशा जमिनीवर मुद्रांक शुल्कसुद्धा लागत नाही.

उलट, परदेशात राहणारी भारतीय म्हणून मी भारतात शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. फेमाचा नियम. वारशाने आलेली ठेवता येते, खरेदी करता येत नाही. म्हणजे एकदा सही केली की इथे राहते आहे तोवर आमचीच जमीन मला पैसे देऊनही परत मिळणार नाही. आणि ससेक्समधलं जंगल मात्र मिळेल. हे कळलं त्या रात्री मी एजंटला ईमेल केला.

गाइड प्राइस एकोणपन्नास हजार पौंड. गाइड प्राइस म्हणजे 'बोला, इथून सुरू करू.' माझ्याकडे तेवढे नव्हते. बचत अधिक जमिनीतला माझा वाटा असं एक्सेल मी केलं होतं. खटाव विकून ससेक्स. एक्सेलमध्ये ते फार सोपं दिसत होतं.

माहितीपत्रक मी एखाद्या एपीआयच्या डॉक्युमेंटेशनसारखं वाचलं. काय मिळणार हे दोन ओळींत होतं, काय मिळणार नाही हे दोन पानांत. घर बांधता येणार नाही. तिथे कायमचं राहता येणार नाही. शिकारीचे हक्क वेगळे, ते आधीच कुणाकडे तरी आहेत. जमिनीखालची खनिजं वेगळी. ओव्हरएज नावाचं एक कलम होतं: पुढे कधी बांधकामाची परवानगी मिळून भाव वाढला, तर वाढीतला वाटा आधीच्या मालकाला द्यायचा. झाडं माझी, पण परवान्याशिवाय दर तीन महिन्यांना पाच घनमीटरपेक्षा जास्त लाकूड तोडायचं नाही, हे १९६७ च्या वनकायद्यातून येतं.

आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: जंगलातून सार्वजनिक पायवाट जाते.

मी आत शिरले तेव्हा ब्लूबेल फुलले होते. जमिनीवर निळा धूर पसरल्यासारखं दिसत होतं. हे जंगल 'एन्शंट वुडलँड' म्हणून नोंदलेलं, म्हणजे किमान १६०० सालापासून तिथे सलग जंगल आहे. पण हात न लावलेलं अजिबात नाही. चेस्टनटची झाडं बुडाजवळ तोडायची, खुंटातून धुमारे फुटतात, पंधरा-वीस वर्षांनी परत तोडायची. कुंपणाचे खांब त्यातूनच होतात. एकेक खुंट जात्यापेक्षा रुंद झालेला. मी एकावर बसले आणि आजूबाजूला मालकाच्या नजरेने बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही. घरून आणलेली पोळीभाजी खाल्ली.

तेवढ्यात पायवाटेवरून एक आजी आल्या, सोबत कुत्रा. माझ्या हातातला नकाशा बघून म्हणाल्या, "घेताय का तुम्ही हे?"

मी म्हटलं, "बघतेय."

"मग ती पायरी दुरुस्त करून घ्या. मला आता गुडघ्यामुळे चढवत नाही."

कुंपण ओलांडायला लाकडी पायरी असते, तिला स्टाइल म्हणतात. वाट सगळ्यांची असली तरी ती पायरी धड ठेवणं हे जमीनमालकाचं काम. त्या आजी चाळीस वर्षं तिथून चालत होत्या. या काळात जंगलाचे तीन मालक झाले असं त्यांनीच सांगितलं. त्यांच्या नावावर तिथलं एक पानही नव्हतं. पण माझ्याकडे त्या विनंती करत नव्हत्या, कामाची आठवण करून देत होत्या. जंगल विकलं की वाट विकली जात नाही. घेणारा जंगलाबरोबर चालणारी माणसंही घेतो.

याचं फार गोडवं गाण्यात अर्थ नाही. परतीच्या रस्त्यावर 'खासगी' अशा चार पाट्या मोजल्या. मनाला येईल तसं हिंडायचा हक्क २००० सालच्या कायद्याने दिला, पण तो इंग्लंडच्या सुमारे आठ टक्के जमिनीवरच. त्याआधी १६०४ ते १९१४ या काळात इथल्या संसदेने पाच हजार दोनशेच्या वर कायदे करून ६८ लाख एकर जमिनीला कुंपण घातलं. इंग्लंडच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. जिथे गावातली माणसं गुरं चारायची, सरपण गोळा करायची, ती जमीन कुणा एकाची झाली. आज मी जाहिरातीत बघते ते चौकोनी शेत, त्याभोवतीचं सुंदर हिरवं कुंपण, ते बऱ्याच ठिकाणी तेव्हाचं आहे. या पायवाटा त्यातून उरलेल्या. उरवून घेतलेल्या.

बसची वाट बघताना मला चिंच आठवली. शाळा सुटल्यावर आम्ही विहिरीवरून, पलीकडच्या दोघांच्या बांधावरून घरी जायचो. कुणाचा बांध, हा प्रश्न कधी पडला नाही, कारण एक बांध आमचा होता. उद्या पुण्याचा माणूस तारेचं कुंपण घालेल, गेट लावेल. त्याचं काही चुकणार नाही. पण मग मी आईला भेटायला गेले तर त्या चिंचेपर्यंत जायला मला गेटवरच्या वॉचमनला सांगावं लागेल, की ही पूर्वी आमची होती.

मला ससेक्समध्ये जंगल नको होतं. मला खटावमध्ये चालायला जागा हवी होती, आणि त्याची किंमत मी पौंडात काढत होते.

घरी आल्यावर दादाला फोन लावला. विहिरीजवळचा तुकडा ठेवता येईल का, विचारलं.

"गिऱ्हाईक अख्खी मागतंय, सांगितलं ना तुला." मग थोडं थांबून म्हणाला, "मला काय हौस आहे का विकायची?"

हे मी इतक्या दिवसांत त्याला विचारलंच नव्हतं. तोही त्याच बांधावरून चालत घरी यायचा. माझ्या पुढे, माझं दप्तर घेऊन.

आम्ही तासभर बोललो. कर्जाचा आकडा त्याने पहिल्यांदा सांगितला. जंगलासाठी जमवलेल्या बचतीने तो पूर्ण फिटणार नाही, पण वर्षभर हप्ते निघतील. तेवढं करू, असं ठरलं. वर्षानंतरही विकावी लागली तर विकू. पण कुलमुखत्यारपत्र पाठवणार नाही, हे मी त्याला सांगितलं. सही करायचीच असेल तर येऊन करीन, आदल्या दिवशी विहिरीवरून चिंचेपर्यंत चालून.

"एकटी जाऊ नकोस," दादा म्हणाला. "हरभऱ्यात साप असतात. मी येतो."

सोमवारी एजंटला नको म्हणून कळवलं. खाली एक ओळ जोडली: उत्तरेकडची पायरी मोडली आहे, नव्या मालकाला सांगा.