काकूंची झाडं, माझी मांजरं

काकूंनी मला ‘मांजरं कुणाला तरी देऊन टाक’ असं सांगितलं असतं, तरी तो त्यांचा हक्कच होता. बोरिवली पूर्वेला, कुलूपवाडीच्या बाजूला आमची जुनी चार मजली सोसायटी. तळमजल्याच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, मातीचा एक अरुंद पट्टा आहे. कागदोपत्री तो सोसायटीचा, पण राबता सगळा काकूंचा. दुसऱ्या मजल्यावरून रोज सकाळी खाली उतरून त्यांनी तो वर्षानुवर्षं जोपासलेला. नेमकं त्याच पट्ट्यावर ज्याचं मागचं दार उघडतं ते घर मी घेतलं, आणि येताना मनी आणि तांबू ही बहीणभावंडं बरोबर आणली.

टेम्पोतून सामान उतरत होतं तेव्हा काकू चहाचा थर्मास घेऊन खाली आल्या. टोपलीच्या झाकणातून आत डोकावल्या. ‘दोघांचं ऑपरेशन झालंय?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. वय भरत आलं होतं, व्हायचं होतं. ‘मग आधी ते उरकून घे. बाकीचं मी सांगते,’ एवढंच म्हणाल्या आणि कप विसळायला आत गेल्या. परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाचा पत्ताही त्यांनीच दिला. लोकलच्या गर्दीत टोपली मांडीवर धरून त्या माझ्याबरोबर आल्या. मला मुंबईत तेव्हा ओळखीचं असं कुणी नव्हतं. त्या दिवशीचं त्यांचं ते येणं मी विसरू शकत नाही.

बाकीचं त्यांनी खरंच सांगितलं, पण बेताबेतानं. आधी झाडं दाखवली. त्या पट्ट्यात शोभेचं म्हणावं असं फारसं काही नव्हतं. लिंबू, कढीपत्ता, जास्वंद, भिंतीच्या कडेला रुई, जाळीवर चढलेली ईश्वरीची वेल, डालडाच्या जुन्या डब्यांत पानफुटी. ‘हे सगळं खायला लावलंय,’ त्या म्हणाल्या. माझ्या मनात चटण्या आणि सरबत आलं. त्यांच्या मनात अळ्या होत्या.

पाखरांसाठी बाग करायची म्हणजे आपण दाणे टाकतो. मुंबईत दाणे टाकले की येतात ती कबुतरं; दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ साली केवढं रान उठलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. काकू दाणे टाकत नसत. त्यांचं म्हणणं असं, की पाखरू स्वतः दाणे खाईल, मध पिईल, पण पिल्लांना भरवायला त्याला किडे लागतात. जास्वंदीवर येणारा इवलासा शिंजीरसुद्धा पिल्लांच्या चोचीत कोळी आणि किडेच घालतो. म्हणून आधी किड्यांची सोय. फुलपाखरांचीही तीच गोष्ट: फुलं असली की ती येऊन मध पिऊन जातात; राहतात ती अंडी घालायला हवं ते झाड असेल तिथेच. रुईवर प्लेन टायगर, ईश्वरीवर कॉमन रोझ, लिंबावर आणि कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन. ब्लू मॉरमॉन, म्हणजे २०१५ साली महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ते काळंनिळं मोठं फुलपाखरू, तेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. आणि पानफुटीवर रेड पिएरो. त्याची अळी पानाच्या वरून खात नाही, पानाच्या आत शिरते आणि दोन्ही सालींच्या मधला गर खात पुढे सरकते. काकूंनी एक पान तोडून उजेडासमोर धरलं तेव्हा ती मला आत सरकताना दिसली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी पहिल्यांदा एका पानाच्या आत पाहिलं.

कढीपत्त्यावरच्या अळीची ओळखही त्यांनीच करून दिली. लहान असताना ती हुबेहूब पाखराच्या शिटेसारखी दिसते, त्यामुळे पाखरं तिच्याकडे बघत नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते. काडीनं हळूच डिवचलं की डोक्यामागून तांबूस रंगाची दुभंगलेली शिंगं बाहेर काढते आणि लिंबाचा उग्र वास सोडते. हे दाखवून काकूंनी काडी बाजूला ठेवली. ‘एकदाच. उगाच त्रास द्यायचा नाही.’ आमटीला पाला लागला तर त्या खालच्या फांद्यांचा काढत, प्रत्येक पान उलटून बघून.

मग मांजरांची पाळी आली. काकूंना मांजरांचा राग मुळीच नव्हता. अलिबागकडच्या त्यांच्या माहेरी घरात कायम मांजर असे. मांदेलीची डोकी उकडून त्याच माझ्या मांजरांना आणून देत. दूधपोळीवर मांजर ठेवू नकोस, मासळीनं पोट भरलं तर ते शिकारीला कमी जातं, हे त्या ठामपणे सांगत. २०२१ साली इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा मला त्यांची आठवण झाली. नैऋत्य इंग्लंडातल्या ३५५ मांजरांवर तो केलेला. धान्य नसलेलं, भरपूर मांसाचं खाणं दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटं त्यांच्याशी खेळल्यानं ती २५ टक्क्यांनी कमी झाली. गळ्यात घुंगरू बांधल्याचा मात्र लक्षात येण्याजोगा परिणाम दिसला नाही. मी काकूंना हे वाचून दाखवलं. ‘घुंगरू ऐकून उडायला आधी पंख फुटावे लागतात,’ त्या म्हणाल्या.

खरा प्रश्न पिल्लांचाच असतो. शिंप्याची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर दोनेक आठवड्यांत घरटं सोडतात. तेव्हा त्यांना धड उडता येत नसतं. ती झुडपात, गुडघ्याएवढ्या उंचीवर बसतात आणि आईबाप त्यांना तिथेच भरवतात. बुलबुलाचं आणि दयाळाचंही थोड्याफार फरकानं असंच. या दिवसांत बाहेर फिरणारं मांजर कितीही पोटभर जेवलेलं असो, हलणारी वस्तू दिसली की त्याचा पंजा पडणार. तो त्याचा दोष नाही, ते मांजर आहे. मोकळी फिरणारी मांजरं एकट्या अमेरिकेत वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी मांडला होता. एवढे मोठे आकडे मनात मावत नाहीत. काकूंनी मला झुडपात बसलेलं शेपूट नसलेलं एक पिल्लू दाखवलं, तेवढं पुरलं.

बांधून ठेवलेलं मांजर कुढतं, ही माझी काळजी होती. त्यावरचा तोडगा निघाला तो मुंबईच्या बॉक्स ग्रिलमधून. आमच्या मागच्या खिडकीला भिंतीबाहेर दीड हात आलेलं जुनं बॉक्स ग्रिल होतं, पण गज विरळ. मांजर त्यातून आरामात बाहेर पडेल. काकूंनी हायवेजवळच्या एका फॅब्रिकेटर चाचांना बोलावलं. माझ्या मनात नायलॉनची कबुतरजाळी होती, स्वस्त आणि एका दिवसात लागणारी. चाचांनी ती साफ नाकारली. मांजराच्या नखांपुढे ती टिकणार नाही आणि बाहेरून पाखरांचे पाय तिच्यात अडकतील. त्यांनी ग्रिलला आतून अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी मारली, आत दोन पातळ्यांवर प्लायच्या फळ्या बसवल्या आणि आगबीग लागली तर माणसाला बाहेर पडता यावं म्हणून एका बाजूला कडीचं झडप ठेवलं. मागच्या दाराला आणखी एक जाळीचं दार लावलं, म्हणजे एक उघडताना दुसरं बंद. झडपाच्या बिजागऱ्यांचे पैसे घ्यायला तयारच नव्हते. ‘पंछी का भी काम हो गया, बिल्ली का भी,’ एवढंच म्हणाले. चाचांचं ते देणं अजून माझ्याकडे बाकी आहे. मध्यंतरी त्यांचा गाळा रस्तारुंदीत गेला. ते कुठे गेले हे मला शोधूनही कळलेलं नाही.

रात्री मांजर आत ठेवण्याचं आणखी एक कारण आमच्या भागात आहेच. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आमच्या पाठीशी. शंभराहून थोडं जास्त चौरस किलोमीटरचं हे जंगल शहराच्या पोटात आहे आणि त्यात बिबटे आहेत. २०११ पासून वनखात्यानं ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमातून उद्यानाकाठच्या वस्त्यांना जे शिकवलं, ते काकूंनी सोसायटीत कितीदा सांगितलं असेल: ओला कचरा उघडा टाकू नका, पाळीव जनावर रात्री बाहेर सोडू नका. दाराशी रात्री मांजर नसणं हे जसं पाखरांच्या भल्याचं, तसंच मांजराच्याही.

पाण्याच्या परळाची जागासुद्धा त्यांनीच ठरवली. झुडपापासून दोन हात लांब, उघड्यावर आणि उंच कट्ट्यावर, म्हणजे आंघोळ करणाऱ्या पाखराला चारी बाजूंचं दिसेल आणि सोसायटीतलं कुठलंही मांजर दबा धरू शकणार नाही. पाणी रोज ओतून परळ घासायचं. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून बाहेर पडून उडायला आठवडाभर पुरतो. पावसाळ्यात पालिकेची माणसं कुंड्यांच्या बशा तपासायला येतात तेव्हा आमच्या परळात त्यांना कधी अळी सापडली नाही.

एका पावसाळ्यात शिंप्यानं लिंबाच्या तीन पानांचं घरटं शिवलं. ग्रिलपासून ते हाताच्या अंतरावर होतं. पानांच्या कडांना भोकं पाडून त्यांतून कापूस आणि कोळ्याचा धागा ओवलेला, आणि प्रत्येक टाक्याचं टोक बाहेरच्या बाजूला पिंजून फुगवलेलं, सुटून येऊ नये म्हणून. पिल्लं बाहेर पडली त्या दिवशी ती कढीपत्त्यात बसली. तांबू वरच्या फळीवर होता, जाळीला नाक लावून, दात कटकट वाजवत, शेपटीचं टोक हलवत. मनी झोपली होती. आईबाप फेऱ्यांवर फेऱ्या मारत पिल्लांना हिरव्या अळ्या भरवत होते, आणि तांबू ते सगळं बघत होता. दुपारी तो आत आला, जेवला, पुन्हा फळीवर जाऊन बसला. त्या दिवशी काकूंच्या गुडघ्यांत बळ नव्हतं, म्हणून मी खुर्ची खिडकीशी ओढली आणि त्या ग्रिलच्या मागून, तांबूच्या शेजारी बसून बघत राहिल्या.

आता काकू लेकीकडे नाशिकला असतात. जाताना त्यांनी मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ माझ्या हाती दिला. त्याच्या समासांत त्यांच्या पेन्सिलीच्या नोंदी आहेत: दयाळ पहिल्यांदा कधी गायला, श्रावण सरता सरता कधी गप्प झाला, लिंबावर शिंप्याचं घरटं कोणत्या फांदीला. मी त्याच समासांत पुढच्या नोंदी करते. अक्षरं वेगळी दिसतात, एवढाच फरक.

रविवारी त्यांचा फोन येतो. पाखरांच्या आधी त्या सोसायटीतल्या मोकळ्या मांजरांबद्दल विचारतात, कारण माझी दोन मांजरं आत असली तरी कंपाउंडमध्ये आणखी फिरतात आणि लोक त्यांना मायेनं खाऊ घालतात. खाऊ घालायला माझी ना नाही. आम्ही काहीजणांनी ठरवलं की त्यांना जेवण पट्ट्यापासून लांब, पंपरूमच्या बाजूला, ठरावीक वेळी द्यायचं आणि एकेकाला पकडून ऑपरेशन करून आणायचं. वर्गणीत पहिली रक्कम काकूंची आली, नाशिकहून. एका बोक्याचं झालं. त्याच्या कानाचं टोक कापलेलं आहे, म्हणजे त्याला पुन्हा कुणी पकडणार नाही. या आठवड्यात पार्किंगमधल्या पांढऱ्या मांजरीचा नंबर आहे. तिची पिल्लं आता स्वतः खायला लागली आहेत, तेव्हा पिंजरा आणून ठेवलाय, आणि आमिषाला काय घालायचं हे काकूंनी कालच सांगितलं: उकडलेली मांदेली.