कोळसा धुतलेले पाणी

जैनथच्या लक्ष्मीनारायणाचे दर्शन घेऊन आम्ही पेनगंगेकडे वळतो, तेव्हा पलीकडे महाराष्ट्र दिसतो. हीच नदी पुढे घुग्घुसजवळ वढा येथे वर्धेस मिळते. संगमावर यात्रेकरू स्नान करतात, आणि भोवतालचा सारा मुलूख कोळशाचा. गोमंतकीय वाचकांस खनिजाचे पाणी म्हटले की डिचोली-साखळीचा तांबडा चिखल आठवेल. इकडचा चिखल काळा.

कोळशातील दगड वेगळा करावयाचा तर कोळसा धुवावा लागतो. मॅग्नेटाइट नामक लोहखनिजाची पूड पाण्यात कालविली की ते पाणी जड होते. कोळसा तरंगतो, दगड बुडतो. पूड लोहचुंबकाने परत मिळते. उरते ते काजळासारखे पाणी. ते थिकनर नावाच्या विशाल गोल हौदात सोडतात. कण एकमेकांस चिकटविणारे रसायन घालतात. गाळ हळूहळू तळाशी बसतो व काठावरून ओसंडणारे निवळ पाणी पुन्हा धुण्यास जाते. गाळ दाबयंत्रात पिळून त्याच्या वड्या होतात. व्यवस्था खरोखर सुरेख आहे! फक्त दाबयंत्र बिघडले, किंवा पावसाळ्यात तळे भरले, की रात्रीचा ओढा जवळ असतो.

असाच एक कापूसवाला शेतकरी एकदा शिशीभर काळे पाणी घेऊन आमच्याकडे आला. ती शिशी आम्ही टेबलावर ठेवून घेतली, पण पुरावा म्हणून तिचे मोल शून्य होते. १९७४च्या जलप्रदूषण कायद्याचे कलम २१ असे की, कारखान्यातून निघणाऱ्या पाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच घ्यावा, कारखानदारास जागच्या जागी नोटीस द्यावी, नमुन्याचे दोन भाग करून मोहोरबंद करावेत. एरवी पृथक्करणाचा निष्कर्ष न्यायालयात ग्राह्य नाही. नियम अन्याय्य नव्हे; कोणीही शिशी भरून कोणासही गुन्हेगार ठरवू नये. परंतु अधिकारी येईतो ओढा वाहून गेलेला असतो, आणि कपाशीच्या मुळाशी बसलेली काळी साय तेवढी उरते.

म्हणून आम्ही अशिलास सांगितले, की बाहेरच्या नळीमागे धावू नकोस. आत येणारे पाणी मोज. धुतलेल्या कोळशाबरोबर व वड्यांबरोबर जी ओल जाते, उन्हाने जे आटते, तेवढेच पाणी नव्याने लागावे. त्याहून पुष्कळ अधिक उपसले जात असेल, तर ते कोठे जाते याचे उत्तर कारखान्याने द्यावे. माहितीच्या अधिकाराखाली मीटरच्या नोंदी मागण्याचा अर्ज आम्हीच लिहून दिला. त्याने अंगठा उठविला, शिशी मात्र परत मागितली.