भडल्याची रात्र

राजस्थानातलं फलोदी सोडून बाप गावाच्या पुढे निघालो तेव्हा मे महिन्यातली दुपार कलत होती. याच फलोदीत १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर चढला होता. रस्त्याकडेला खेजडी, म्हणजे आपली शमी, अधूनमधून दिसत होती. पुढे नुसती खुरटी झुडपं. मग तारेचं कुंपण, आणि त्यापलीकडे नजर पोचेल तिथवर काळसर निळ्या पॅनेलच्या रांगा. भडला सोलर पार्क : सुमारे १४ हजार एकर, २,२४५ मेगावॉट.

कुंपणालगत शेळ्या घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या काकांना उन्हाचं विचारलं. "दिवसा आमचे आजोबाही भाजायचे," ते म्हणाले. "रात्रीचं विचारा साहेब. पहाटे पांघरूण ओढावं लागायचं. आता नाही लागत. या प्लेटांमुळे की कशामुळे, ते तुम्ही शिकलेल्यांनी सांगावं."

प्रश्न नेमका होता. उघडी वाळू दिवसभर तापते, पण बरंचसं ऊन परतवते आणि रात्री उरलेली उष्णता मोकळ्या आभाळाला देऊन टाकते. वाळवंटात माणूस टिकला तो या गार रात्रीच्या जोरावर. काळं पॅनेल ऊन फारसं परतवत नाही. त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्याची वीज होते, बाकीची उष्णताच. रात्री जमीन आणि आभाळ यांच्यामध्ये तेच छतासारखं आडवं येतं. शिवाय उभारणीसाठी झुडपं काढली की त्यांच्या पानांतून मिळणारा गारवाही जातो. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात ग्रेग बॅरन-गॅफर्ड आणि सहकाऱ्यांनी हे मोजलं. २०१६ साली त्यांनी प्रसिद्ध केलं की सौर प्रकल्पातली रात्र शेजारच्या मोकळ्या रानापेक्षा ३ ते ४ अंशांनी उबदार असते. पॅनेलखालची जमीन मात्र दिवसा सावलीमुळे गार राहते, आणि प्रकल्पाबाहेर अंतर वाढेल तशी ही ऊब विरत जाते.

त्या रात्री एका ढाणीत, म्हणजे वाळवंटातल्या छोट्या वस्तीत, अंगणातल्या खाटेवर झोपलो. हात खाली सोडून वाळू चाचपली, निवली होती. पण ढाणी कुंपणापासून लांब होती, आणि काकांच्या शेळ्या कुंपणालगत बसतात.

सौर वीज हवीच. कोळशाचा धूर कुणालाच नको. पण कुंपणापाशी शेळ्यांच्या बसण्याच्या जागी आणि लांबच्या ढाणीत, असे दोन्हीकडे तापमापक लावा. रात्रीचे आकडे रोज पंचायतीच्या फळ्यावर लिहा. काकांना उत्तर द्यायला हवं.