देवगिरीच्या हौदापाशी

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाताना सुमारे १५ किलोमीटरवर दौलताबाद लागते. गेल्या सुटीत वस्तीतली आम्ही चार कुटुंबे भाकरी-चटणी बांधून तिथे उतरलो. गाव जुन्या तटबंदीच्या कुशीत वसलेले. डोक्यावर देवगिरीचा उंच डोंगर.

बाराव्या शतकात यादवांनी इथे राजधानी वसवली. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने ती लुटली. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली आणि देवगिरीचे दौलताबाद झाले.

दरवाजापाशी थांबून मुलांना दुसरा इतिहास सांगितला. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस कार्यकर्त्यांसह वेरूळच्या वाटेवर इथे आले होते. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. प्रवासाची धूळ झाली म्हणून मंडळींनी दरवाजाबाहेरच्या टाक्यात हातपाय धुतले. तेवढ्यावरून टाके बाटवले म्हणून गलका झाला. शेवटी किल्ला बघू दिला, पण आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर. लक्ष ठेवायला सोबत हत्यारबंद शिपाई दिला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

आत हत्ती हौद दिसला, तेव्हा मुले गप्प झाली. केवढा मोठा हौद! तो खोदणाऱ्यांची नावे कोणत्याच दगडावर नाहीत.

आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती पाण्याची पिशवी घेऊन तिथेच बसली. आम्ही चांदमिनार ओलांडून पुढे गेलो. ताशीव कडा, खोल खंदक, मग अंधारी नावाचा भुयारी जिना. तिथे पायऱ्या उंचसखल, वटवाघळांचा उग्र वास. बॅटरी आणि पायात घट्ट बसणारी चप्पल हवीच. वर बारादरीत वारा लागला आणि सगळा शीण गेला. खाली पडके वाडे, पलीकडे शेते.

परतताना आईने सांगितले, “एक बाई दमून आली, पाणी मागितलं. बाटली पुढे केली खरी, पण हात अडखळला. वाटलं, वरून ओंजळीत ओतावं. आमच्या लहानपणी आम्हाला तसंच मिळायचं. तोवर तिने बाटली तोंडाला लावलीसुद्धा.”

“मग?” नातीने विचारले.

“मग उरलेलं मी प्याले.”

देवगिरीला जाल तेव्हा सकाळी लवकर निघा. सोबत पाणी भरपूर घ्या, आणि मुलांना १९३४ ची हकीकत दरवाजापाशीच सांगा.