‘बासु’ आणि ‘सेल’

इंग्रजीतले ‘बस’ आणि ‘बाथ’ हे दोन आखूड शब्द जपानी काताकाना लिपीत सारखेच लिहिले जातात: ‘बासु’. तोक्योजवळच्या इचिकावा शहरातल्या ग्योतोकु भागात भाड्याच्या घरांची जाहिरात वाचताना ही गोष्ट लगेच ध्यानात येते. मेट्रोची तोझाइ मार्गिका 1969 साली इथवर आली, आणि आता नदीपलीकडच्या निशी-कासाइसारखीच इथेही भारतीय कुटुंबं राहतात. जाहिरातीच्या एका ओळीत स्टेशनपासून ‘बासु’ने दहा मिनिटं असं लिहिलेलं असतं, आणि खालच्या ओळीत ‘बासु-तोइरे बेत्सु’. पहिली बासु रस्त्यावरून धावते. दुसरी म्हणजे न्हाणीघर, आणि ते संडासापासून वेगळं आहे एवढंच ती ओळ सांगते.

याचं कारण लिपीत आणि उच्चारात आहे. काताकानात एक ‘न्’ सोडला तर सुटं व्यंजन लिहायची सोय नाही; प्रत्येक चिन्हात स्वर असतोच. शिवाय ‘बाथ’च्या शेवटचा ध्वनी जपानीत नाही, म्हणून त्याच्या जागी ‘सु’ येतो. ‘एल’ आणि ‘आर’ यांना मिळून एकच ध्वनी आहे. त्यामुळे घरातला ‘राइतो’ म्हणजे दिवा, तर बेसबॉलच्या मैदानावरचा ‘राइतो’ म्हणजे उजवीकडचा खेळाडू. ‘फुराइ’ म्हणजे उंच उडालेला चेंडू, आणि ताटातली तळलेली कोळंबीसुद्धा ‘फुराइ’च. मालवाहू ट्रक आणि धावपटूंचा ट्रॅक दोन्ही ‘तोराक्कु’. डोक्यावरची हॅट आणि झोपडी या अर्थाचा ‘हट’ दोन्ही ‘हात्तो’. मात्र ‘कॅप’ आणि ‘कप’ वेगळे राहतात, कारण पहिल्याचा ‘क्याप्पु’ होतो आणि दुसऱ्याचा ‘काप्पु’.

भाषांतर करणाऱ्याला यातून पहिला धडा मिळतो तो असा, की शब्द एकटा वाचायचा नाही. ‘बासु’शेजारी मिनिटं असतील तर बस, तोइरे असेल तर न्हाणी. जपानी वाचकाला हे सांगावं लागत नाही. त्याची नजर शेजारचा शब्द आधीच टिपते. नवशिका भाषांतरकार कोशात अर्थ शोधतो, मुरलेला ओळीत शोधतो.

काही ठिकाणी जपानीने याच्या उलट केलं आहे: एका इंग्रजी शब्दाचे दोन शब्द केले. ‘सुतोराइकु’ हा बेसबॉलमधला, ‘सुतोराइकि’ हा कामगारांचा संप. फरक फक्त शेवटच्या स्वराचा. ‘मिशिन’ म्हणजे शिवणयंत्र, इतर यंत्रं ‘माशिन’. ‘आइरोन’ने कपड्यांना इस्त्री करतात, ‘आइआन’ने गोल्फ खेळतात. सरकारी नियमाने असं काही घडवता आलं नसतं. हे शब्द वेगवेगळ्या वेळी आले, काही कानाने, काही डोळ्याने, आणि गरजेनुसार आपापल्या जागी बसले.

मराठी माणसाला इथे आपल्या लिपीचा अभिमान वाटणं साहजिक आहे. देवनागरीत ‘लाइट’ आणि ‘राइट’ वेगळे राहतात, ‘फॅन’ आणि ‘फन’ वेगळे राहतात. त्यासाठी मराठीने ॲ आणि ऑ ही चिन्हं आपलीशी केली, आणि 2009 च्या शासन निर्णयाने ती प्रमाण वर्णमालेतही बसवली. पण देवनागरीतही गळती आहे. घड्याळातला ‘सेल’ संपतो आणि दुकानातला ‘सेल’ही संपतो. भाजीची ‘टेस्ट’ आणि रक्ताची ‘टेस्ट’ एकाच अक्षरांत लिहिली जाते. लिहायचं ‘पेन’ आणि दुखण्याचं ‘पेन’ यांत कागदावर काहीच फरक नाही. इंग्रजीतला आखूड ‘ए’ आणि लांब ‘ए’ मराठी एकाच मात्रेत बसवते. जपानी मात्र स्वराची लांबी नेमकी जपते: लेखणी ‘पेन’, वेदना ‘पेइन’, परीक्षा ‘तेसुतो’, चव ‘तेइसुतो’, पेशी ‘सेरु’, दुकानातली सवलत ‘सेएरु’. एका लिपीत जे गळतं ते दुसरीत टिकतं. इचिकावातल्या ज्या मराठी मुलाला दोन्ही लिप्या येतात, त्याच्या हातात इंग्रजीचे दोन अर्धे नकाशे असतात, आणि ते एकमेकांवर ठेवले की बराच मुलूख दिसतो. शिकवणाऱ्याने ही संधी दवडू नये.

जपानीत नसलेल्या ‘व्ही’ या ध्वनीची कथा अजून थोडी पुढे जाते. विचारवंत फुकुझावा युकिचि यांनी 1860 साली या ध्वनीसाठी ‘उ’च्या चिन्हावर दोन टिंबं देऊन नवं अक्षर वापरलं. 1991 च्या सरकारी सूचनेत त्याला जागा मिळाली. पण 2019 साली परराष्ट्र मंत्रालयाने देशांच्या नावांतून ते काढून टाकलं, आणि सामान्य माणूस तर ‘बी’वरच समाधानी असतो. म्हणून अंगातला ‘वेस्ट’ आणि सर्वांत चांगला ‘बेस्ट’ दोन्ही ‘बेसुतो’.

अक्षरं तीच राहूनही अर्थ दूर जातो तो स्वयंपाकघरात. मराठी ‘ग्लास’ला काचेची अट नाही, स्टीलचा ग्लास कुणाला खटकत नाही. जपानीत डच शब्दावरून आलेला ‘गारासु’ म्हणजे काच, इंग्रजीवरून आलेला ‘गुरासु’ म्हणजे प्यायचं काचेचं पात्र, आणि साधा पेला ‘कोप्पु’ हाही डच. ‘कटलेट’चा प्रवास तर याहून लांबचा. त्यात ‘कट’ दिसतो, पण कापण्याशी त्याचा संबंध नाही. मूळ फ्रेंच शब्द बरगडीचा आहे. मराठी घरात तो बटाट्याचा आणि बीटाचा झाला. जपानीत त्याचा ‘कात्सुरेत्सु’ झाला, मग नुसता ‘कात्सु’, आणि भातावर अंड्यासह वाढलेला ‘कात्सुदोन’. या कात्सुदोनचा एक चाहता इचिकावातच होता: लेखक नागाइ काफु. ते 1946 साली इचिकावात आले, आणि 1959 साली इथल्याच यावातातल्या घरी वारले. तरुणपणी ते अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये राहिले होते. म्हातारपणी ते घराजवळच्या दाइकोकुया या खानावळीत जाऊन ठरलेला कात्सुदोन खात. जपानीत ‘कात्सु’ या क्रियापदाचा अर्थ जिंकणं असा होतो, म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री मुलांच्या ताटात तोच पदार्थ वाढतात.